गॅनरॅस्का नदीवर तुटलेल्या दोरीबद्दल

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. तुम्ही मराठीत लिहिलंत, म्हणून उत्तरही मराठीतच देतो. आपल्याकडची बरीच मंडळी हल्ली सप्टेंबरमध्ये सॅमनच्या मागे नदीवर जातात, त्यांनाही उपयोग होईल.

तुमची तक्रार थोडक्यात अशी: तुम्ही २५०० नंबरची (लहान आकाराची) हलकी रीळ आणि ब्रेड, म्हणजे बारीक धाग्यांची विणलेली दोरी, मागितली होती. दुकानाने ४००० ची मोठी रीळ आणि बारा पौंडी (बारा पौंडांपर्यंतची ओढ सोसणारी) नायलॉनची दोरी दिली, म्हणजे 'नदीतल्या माशाला समुद्राचं सामान'. वर लीडरचा (मुख्य दोरी आणि गळ यांच्यामध्ये बांधायच्या वेगळ्या दोरीच्या तुकड्याचा) खर्च सुचवला, तो तुम्ही नाकारलात. ऑन्टॅरिओतल्या पोर्ट होपला गॅनरॅस्कावर दोन चिनूक (सॅमनची मोठी जात) लागले, दोन्ही वेळा दोरी तुटली, उरलेली गुंतून फुकट गेली. म्हणून दोन स्टार आणि 'माल बोगस'.

लागलेला मोठा मासा सुटला की जीव किती चुटपुटतो ते मला माहीत आहे. पण माल बोगस नाही. तुम्ही रीळ दाखवायला आणलीत तेव्हा मी ती उघडून पाहिली. ड्रॅगच्या (मासा ओढतो तेव्हा दोरी बेताने सोडणाऱ्या ब्रेकच्या) चकत्या कोरड्या आणि स्वच्छ आहेत, स्पूल (दोरी गुंडाळायचं चाक) सुरळीत फिरतो. त्या नदीसाठी आणि त्या माशासाठी मी आजही हेच सामान देईन.

हा मासा नदीत सापडतो, पण मूळचा पॅसिफिक महासागराचा. मिशिगनने १९६६ मध्ये कोहो (सॅमनचीच दुसरी जात) आणि १९६७ मध्ये चिनूक ग्रेट लेक्सच्या पाण्यात सोडले, आणि पुढे ऑन्टॅरिओ लेकमध्येही ते रुजले. आता त्यांचा सगळा जन्म गोड्या पाण्यात जातो, तरी अंगातली ताकद समुद्राचीच आहे. पंधरा-वीस पौंडांचा चिनूक प्रवाहाच्या दिशेने खाली सुटला की बघता बघता शंभर यार्ड दोरी नेतो. २५०० च्या स्पूलवर दहा पौंडी नायलॉन साधारण १२० यार्ड बसते, ४००० वर २०० (कंपनीगणिक थोडा फरक पडतो). मला एवढंच गणित दिसत होतं.

तुमचे मित्र २५०० वर सहा पौंडी दोरी वापरतात हे खरं असेल. क्रेडिट नदीवर फोर्क्स ऑफ द क्रेडिटच्या बाजूला ब्राउन आणि ब्रुक ट्राउट गरवायला जाणाऱ्याला मीही तेच देतो, कधी त्याहून लहान, १००० ची रीळ आणि चार पौंडी दोरी. तिथे पाणी उथळ आणि नितळ, मासा लहान आणि बुजरा. तुम्ही काउंटरवर 'ट्राउट' म्हणालात, पण तारीख सप्टेंबरअखेरची आणि जागा पोर्ट होपची सांगितलीत. त्या दिवसांत तिथे गळाला चिनूकच लागणार हे धरून मी सामान काढलं.

ब्रेड का दिली नाही? ती नायलॉनपेक्षा महाग आहे, विकली असती तर फायदा माझाच होता. पण ब्रेड जवळपास ताणली जात नाही. नवख्या हातात जवळच्या अंतरावर मोठ्या माशाने हिसका दिला की तो थेट गाठीवर आणि गळावर येतो. नायलॉन ताणली जाते आणि थोडी चूक पोटात घेते. शिवाय गॅनरॅस्काचा तळ खडकाळ, काठाला काँक्रीट. ताणलेली ब्रेड खडकाच्या धारेवर घासली की फार टिकत नाही. पुढे थंडीत गेलात तर ती पाणी धरून ठेवते आणि रॉडच्या कड्यांमध्ये बर्फ साचतो. लांब फेक आणि माशाने आमिषाला हलकंच तोंड लावलेलं ओळखणं यात ब्रेडला तोड नाही, पण ती दुसऱ्या वर्षी घ्या.

आता तुटली का ते. तुमच्या दोरीचं टोक मी नखाने चाचपलं. शेवटचा हातभर भाग खरखरीत, पांढुरका झालेला. म्हणजे ती दगडावर घासली होती, आणि पहिला मासा गेल्यावर तो भाग न कापता तिथेच नवा गळ बांधला गेला. बारा पौंडी नायलॉन अशी खरवडली की बारा पौंडी राहत नाही. प्रत्येक माशानंतर, दगडात अडकून सुटल्यानंतरही, शेवटची वावभर (पाच-सहा फूट) दोरी बोटांतून ओढून बघायची आणि खरखर लागली की कापायची.

दुसरं कारण ड्रॅग. तुम्ही तो जवळजवळ पूर्ण आवळला होता. ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवायचा, म्हणजे बारा पौंडीला तीन-चार पौंड. भारतात जाताना बॅगा तोलायला आपण वापरतो तो लटकता काटा दोरीच्या टोकाला बांधून ओढा, लगेच कळेल. आणि दोरी जशी बाहेर जाते तसा स्पूलवरचा घेर कमी होतो आणि ओढ आपोआप वाढते. घेर निम्मा झाला की ओढ दुप्पट. म्हणून मासा लांब गेल्यावर ड्रॅग आवळायचा नाही, उलट थोडा सैल करायचा.

गुंत्याचं मूळही इथेच आहे. मासा दोरी ओढत असताना तुम्ही हँडल फिरवत राहिलात. तेव्हा दोरी आत येत नाही, तिला नुसता पीळ पडतो. हँडलच्या एका फेरीत बेल (स्पूलभोवती फिरून दोरी गुंडाळणारी तारेची कडी) साधारण पाचदा फिरते, म्हणजे पाच पीळ. ड्रॅग करकरतोय तोवर हात हँडलवरून काढा. मासा थांबला की रॉड वर उचला, मग रॉड खाली नेताना गुंडाळा. पडलेला पीळ काढायला गळ काढून दोरी वाहत्या पाण्यात सोडून द्या, ती स्वतःच उलगडते.

लीडरबद्दल आग्रह का धरला, तेही सांगतो. बारा पौंडी दोरीखाली दहा पौंडी फ्लुरोकार्बनचा लीडर असला की तुटायचंच झालं तर गळाजवळ तुटतं. नाहीतर अंडी घालायला निघालेला मासा मागे वीस-तीस यार्ड दोरी ओढत वर जातो, ती लाकडात अडकते आणि मासा तिथेच अडकून मरतो. हे मी नदीवर पाहिलंय आणि ते बघवत नाही. चिनूक अंडी घातल्यावर मरतोच, पण त्याआधी त्याला वर पोचू दिलं पाहिजे.

तुम्ही लिहिलंय की दुसरा मासा 'शेपटीकडून ओढत होता'. तो बहुधा तोंडात लागलेलाच नव्हता. तोंडाबाहेर गळ रुतलेला मासा ऑन्टॅरिओत लगेच सोडावा लागतो, हा कायदा आहे. असा मासा कुठल्याही रीळवर वळत नाही. दोरी सरळ करून गळ मोकळा करायचा प्रयत्न करा, नाही जमलं तर कापा.

रीळ घेऊन या. दोरी नव्याने भरून देतो, तिचे पैसे नकोत. लटकता काटाही आणा, ड्रॅग तुमच्याच हाताने लावून घेऊ आणि लीडरची गाठ तुमच्याकडून बांधून घेतो. चिनूक ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत असतात, तेव्हा याच आठवड्यात आलात तर बरं. सोमवारी दुकान बंद असतं.