जी खेळणी उरली, ती खेळलीच गेली नव्हती

फेसबुकवर सध्या जुन्या खेळण्यांच्या फोटोंचं पीक आलंय. पितळेची भातुकली, लाकडी ठकी, चावीचं पत्र्याचं माकड. खाली ओळ ठरलेली: 'आमच्या पणजीची, शंभर वर्षं जुनी, एकही भांडं हरवलेलं नाही!' अहो, एकही भांडं हरवलेलं नाही याचा अर्थ पणजीला त्याला हात लावू दिला नव्हता. खेळलेल्या भातुकलीतली पळी पहिल्या आठवड्यात मोरीतून जाते आणि झारा शेजारच्यांकडे सापडतो.

मला म्हणायचंय ते एवढंच, की जुनं खेळणं म्हणून आज आपण जे बघतो, त्यातलं बरंचसं कुणीतरी मुलांपासून लांब ठेवलेलं आहे. मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको. आपल्या ब्लॉकमधली काचेची शोकेस आठवा. गल्फमधल्या काकांनी आणलेली, आडवी केली की डोळे मिटणारी बाहुली प्लॅस्टिकच्या पिशवीसकट उभी. पाहुणे आले की दाखवायची, गेले की परत आत. त्या बाहुल्या आता चोरबाजारात मटन स्ट्रीटवर दिसतात. तिथल्या एका दुकानदाराने मला सांगितलं, "डब्बा है तो डबल, मॅडम." म्हणजे मूळ खोका असेल तर दुप्पट. आणि खोका उघडलेलाच नसेल तर विचारूच नका. ज्या खेळण्याला लहान हाताचा स्पर्शच झाला नाही, ते सगळ्यात महाग. हा हिशोब मला कधीच पटलेला नाही.

मी लालबागची. आमच्या चाळीत खेळणी भरपूर होती, फक्त ती दुकानातून आलेली नव्हती. गिरणीतून कुणाच्या तरी बाबांच्या खिशातून आलेलं रिकामं लाकडी बॉबिन, सोडावॉटरच्या बाटलीतली गोटी, बाटल्यांचे बिल्ले, काडेपेट्यांचे छाप, फळीखाली बेअरिंग ठोकून केलेली गाडी. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे तर दोन पावसाळे काढत नसत. आणि आजीच्या लुगड्याच्या धडप्यातून केलेली चिंध्यांची बाहुली. डोळे काजळाचे, केस काळ्या लोकरीचे. तोंड मळून काळं पडलं की आजी वरून नवं कापड शिवायची आणि पुन्हा डोळे काढायची, त्यामुळे त्या बाहुलीचा चेहरा दरवर्षी वेगळा असायचा. शेवटी तिचं लादी पुसायचं फडकं झालं. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं. तिथे कुठली आलीय आठवण म्हणून जपून ठेवायला जागा? भातुकली ज्यांच्याकडे होती, त्यांचीही अडचणीच्या महिन्यात वजनावर मोडीत गेली.

काय टिकतं आणि काय नाही, यात प्रेमापेक्षा पदार्थाचा हात मोठा असतो. मोहेंजोदडोतला मान हलवणारा मातीचा बैल आणि छोट्या बैलगाड्या साडेचार हजार वर्षं राहिल्या, कारण भाजलेली माती कुजत नाही. त्याच वेळी पन्नास वर्षांपूर्वीची कापडी बाहुली कसरीने खाल्ली. पत्र्याची खेळणी आपल्या दमट हवेत गंजतात, रबराची चिकट होतात. सेल्युलॉइडच्या बाहुल्या तर भुरकन पेटायच्या. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं आणि भाज्या टिकल्या, पण त्याही बऱ्याचशा फळीवर मांडून ठेवलेल्या.

भायखळ्याला राणीबागेतल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात मातीच्या छोट्या मूर्ती आहेत, वेगवेगळ्या जातीजमातींच्या आणि धंद्यांच्या. १८७२ साली लोकांसाठी उघडलेली ती सुंदर वास्तू, आणि त्या मूर्तींचं कामही अप्रतिम. जरूर बघा. पण लहान मुलं 'बाहुल्या, बाहुल्या' करत काचेला नाक लावतात, तेव्हा त्यांना सांगायला हवं की या खेळायला केलेल्याच नव्हत्या, लोकांना दाखवायला केल्या होत्या. मुंबईचं कुठलंही पोर त्यांच्याशी खेळलेलं नाही. (जुन्या स्टुडिओतल्या फोटोत लाकडी घोड्यावर बसलेले आपले आजोबाही तसेच. घोडा बहुतेक वेळा फोटोग्राफरचा असायचा.)

वापरलेलं टिकत नाही, याला अपवाद खेळ करून दाखवणाऱ्या बाहुल्यांचा, आणि तो मला फार आवडतो. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर आदिवासी मंडळींनी कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या पिढ्यानपिढ्या जपल्या. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. आणि मुंबईकरांचे बोलके बाहुले अर्धवटराव! य. के. पाध्ये यांनी बोलतं केलेलं हे व्यक्तिमत्त्व, पुढे रामदास पाध्ये यांनी सांभाळलं, आणि आता शंभरी ओलांडूनही चुरूचुरू बोलतंय. बाहुली रोज कामाला लागली की दोरा तुटला तर नवा बांधला जातो, कपडे जुने झाले की नवे शिवले जातात. वापरूनही वस्तू टिकते, पण दुरुस्त करणारं कुणीतरी घरात लागतं. पोरांच्या खेळण्यांना असं कोण मिळणार? एक आजी होती, तीही गेली.

आता 'अँटिक' म्हणून विकत घेणाऱ्यांसाठी थोडं. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे साधारणपणे १०० वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरते, आणि अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो. म्हणजे तुमच्या लहानपणीचा खेळण्यातला पत्र्याचा आगीचा बंब अँटिक नाही, नुसता जुना आहे. आणि नवं पितळ काळं करून जुन्याच्या भावात विकता येतं, हे विसरू नका. भांडं उलटं करून बघा. खरोखर खेळलेल्या भांड्याचं बूड एका बाजूने जास्त झिजलेलं असतं, त्याच्यावर पोचे असतात, कुठे कुणाचं नाव कोरलेलं असतं.

संग्रह करणाऱ्या मित्रमैत्रिणींना माझी विनंती आहे. फुटकी, डागाळलेली, एका हाताची बाहुली मिळाली तर 'कंडिशन खराब' म्हणून सोडू नका. ती कुणाची होती, कोणी शिवली, कोणत्या चाळीत, कोणत्या मजल्यावर, हे एका कागदावर लिहून तिच्यासोबत ठेवा. सेल्युलॉइडचं काही असेल तर ते बंद डब्यात इतर खेळण्यांबरोबर ठेवू नका, त्याच्यातून सुटणाऱ्या वाफांनी बाकीचंही खराब होतं. आणि ज्यांच्याकडे काहीच उरलेलं नाही, त्यांनी खाली कमेंटमध्ये लिहा: काय होतं, कशापासून केलेलं होतं, आणि शेवटी त्याचं काय झालं. फोटो नसला तरी चालेल.