खुलासा : केस नसलेला उंदीर, रताळी आणि कॅन्सर

'आफ्रिकेतला नेकेड मोल रॅट कंदमुळं खातो, त्यामुळे त्याच्या आतड्यात खास जीवाणू वाढतात आणि त्याला कॅन्सर कधीच होत नाही. तुम्हीही रोज उपाशीपोटी कच्चं रताळं खा,' असा मेसेज फिरतोय. मीही तो पुढे पाठवला होता. तो चुकीचा आहे.

केनिया, इथिओपिया, सोमालियात जमिनीखाली वसाहत करून राहणारा हा प्राणी कंदांवरच जगतो, हे खरं. मोठा कंद सापडला की आतला गर पोखरतात आणि साल शाबूत ठेवतात, म्हणजे कंद पुन्हा भरतो! जीवाणूंचं काम चिवट तंतू आंबवून त्यातून ऊर्जा मिळवून देणं. पिल्लं मोठ्यांची विष्ठा खातात, त्यातूनच ते जीवाणू त्यांना मिळतात.

कॅन्सरची गोष्ट वेगळी. 2013 मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाच्या व्हेरा गोर्बुनोव्हा आणि आंद्रेई सेलुआनोव्ह यांच्या गटाने दाखवलं, की या प्राण्यांच्या पेशी हायलुरोनन नावाच्या पदार्थाचे आपल्यापेक्षा कितीतरी लांब रेणू बनवतात आणि ते गाठी वाढू देत नाहीत. हा गुण उत्क्रांतीतून, जनुकांतून आलाय, ताटातून नाही. शिवाय 'कधीच नाही' हेही खोटं : प्राणिसंग्रहालयातल्या अशा प्राण्यांमध्ये कॅन्सर आढळल्याची नोंद 2016 मध्ये प्रसिद्ध झाली.

रताळं आवडत असेल तर उकडून जरूर खा. पण घरात कुणाचे उपचार चालू असतील तर या मेसेजच्या भरवशावर ते थांबवू नका. तो पुढे पाठवू नका. माझ्याकडून आला असेल तर कृपया काढून टाका.