घाट सहा वेळा, दर्शन एकदाही नाही

सोलापुरात डोंगर नाही. हे मला गेली एक्केचाळीस वर्षं माहीत होतं आणि त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. वाटलं ते मे महिन्यातल्या एका रात्री, सह्याद्रीतल्या ऐंशी किलोमीटरच्या माउंटन बाईक शर्यतीचे पैसे भरून झाल्यावर. ‘पैसे परत मिळणार नाहीत’ ही ओळ आधी वाचली होती. ‘एकूण चढाई १,८०० मीटर’ ही नंतर वाचली. आमच्याकडे चढ म्हणजे रेल्वेवरचा पूल, आणि लहानपणी तिथंही आम्ही उतरून सायकल ढकलायचो.

शर्यत नोव्हेंबरात होती. म्हणजे सहा महिने हातात होते. सायकल मात्र नव्हती.

ती आली तेव्हा शेजारच्या काकांनी तिला दोन प्रदक्षिणा घातल्या. एकोणतीस इंची चाकं, पुढं शॉकअप्सर, दोन्हीकडं डिस्क ब्रेक. काकांना त्याचं काही नाही. “स्टँड कुठाय?” नसतो. “कॅरेज?” नाही. “मडगार्ड? घंटी?” तेही नाही. किंमत मी निम्मी सांगितली, तरी काका भिंतीला टेकले. “जे जे नाही त्याचे एवढे घेतले का ओ? एवढ्यात सेकंडहँड मोटारसायकल आली असती की.” बायको दारात उभी होती. निम्मी किंमत तिलाही तेव्हाच कळली. खरी अजून कळायची आहे.

पहिला महिना उन्हात गेला. पहाटे साडेचारला निघायचं आणि आठच्या आत घर गाठायचं, कारण नऊनंतर होटगी रोडवर माणूस नव्हे, पापड फिरतो. घरी येईपर्यंत काळ्या टी-शर्टवर मिठाचे नकाशे उमटलेले असत. डांबरी रस्ता सोडून माळावर जायचं तर तिथं वेडी बाभूळ. तिचा काटा चपलेतून आरपार जातो, टायरची काय कथा.

यावर उपाय म्हणून मी टायर ट्यूबलेस करून घेतले होते. आत पांढरं, डिंकासारखं द्रव घालतात. काटा घुसला की ते भोकाशी येऊन घट्ट होतं आणि हवा अडवतं. नियम एकच, काटा बारीक असेल तर उपसायचा नाही, राहू द्यायचा. हे मी आमच्या पंक्चरवाल्या मामांना सांगायला हवं होतं. ब्रेक दाखवायला सायकल त्यांच्याकडं ठेवली आणि चहा पिऊन आलो, तोवर त्यांनी चिमट्यानं अकरा काटे उपसून वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले होते. मागच्या टायरातून अकरा बारीक धारा उडत होत्या. मामा थक्क होऊन बघत होते. “दूध द्यायलीय की ओ ही!”

जूनमध्ये पाऊस पडला आणि काळ्या मातीनं मला धरलं. ही माती पायाला लागली तर चप्पल सोडून यावी लागते. टायरला लागली की थरावर थर चढतात आणि शेवटी चाकच फिरायचं थांबतं. हिप्परग्याच्या तलावापलीकडं एका शेतरस्त्यावर तेरा किलोची सायकल पंचवीस किलोची झाली. ती खांद्यावर घेऊन मी दीड किलोमीटर चाललो. बांधावरच्या शेतकऱ्यानं विळा दिला, शेजारी उकिडवं बसून स्वतःही चिखल खरवडला आणि मग शांतपणे विचारलं, “वापसा यायच्या आधी कशाला घातली रानात?” मी पुण्याच्या एका प्रशिक्षकाचा सोळा आठवड्यांचा तक्ता पैसे देऊन घेतला होता. त्यात हृदयाचे ठोके होते, पायडलचे फेरे होते, वापसा कुठंच नव्हता.

ती सायकल धुवायची कशी, हा पुढचा प्रश्न. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात चिखलाची सायकल घेऊन शिरणं हे धाडस १,८०० मीटर चढाईपेक्षा मोठं आहे. आईनं बादलीवर हात ठेवला आणि नुसतं बघितलं. मी माती वाळू दिली आणि दुसऱ्या दिवशी जुन्या दात घासायच्या ब्रशनं झाडली. तेव्हापासून घरातले ब्रश कुणी उघड्यावर ठेवत नाही.

आता चड्डीबद्दल. लिहायचं नव्हतं, पण त्याशिवाय ही तयारी समजणार नाही. सायकलच्या चड्डीला आत गादी शिवलेली असते आणि तिच्या आत दुसरं काही घालायचं नसतं. ही दुसरी माहिती मला तीन आठवड्यांनी मिळाली. मधल्या तीन आठवड्यांत मी ऑफिसात उभं राहून फायली बघत होतो. चड्डी उलटी करून वाळत घालावी लागते, त्यामुळं गादी सगळ्या गल्लीला दिसते. वरच्या मजल्यावरच्या तेलुगू आजींनी ती बोटानं दाबून पाहिली आणि आईला म्हणाल्या, “खुर्चीला का नाही लावली?”

खाण्याचं असं की लांबच्या शर्यतीत दर तासाला साठेक ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत, नाहीतर पाय एकाएकी संप करतात. त्यासाठी जेल नावाचा गोड चिकट पदार्थ मिळतो, तो खाताना डिंक चाटल्यासारखं वाटतं. म्हटलं, आपण सोलापूरचे, आपली कडक भाकरी महिनाभर टिकते, ती काय कमी आहे? भाकरी आणि शेंगाचटणीची पुडी मागच्या खिशात घातली. तिसाव्या किलोमीटरला भाकरीचा भुगा झाला आणि पुडी फुटली. घाम, तिखट आणि पाठ यांचा त्रिवेणी संगम कमरेपर्यंत पोचला तेव्हा मी माझ्या आयुष्यातला सर्वात वेगवान किलोमीटर काढला. तक्त्यात त्या दिवशी ‘आराम’ लिहिलं होतं.

उरला चढ. तो तुळजापूरच्या घाटात मिळतो, म्हणजे आधी चाळीसेक किलोमीटर सपाट मारायचे, मग घाट चढायचा, उतरायचं, परत चढायचं. माझ्या घड्याळाप्रमाणे एका फेरीत जेमतेम शंभर मीटर पदरात पडायचे. घाटाच्या पायथ्याला एक चहावाला आहे. दुसऱ्या फेरीला त्यानं हात केला. चौथीला गिऱ्हाइकांना माझ्याकडं बोट करून काहीतरी सांगितलं. सहाव्या फेरीनंतर मी थांबलो तेव्हा त्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत.

“नवस कशाचा म्हणायचा?”

नवस नाही, सराव आहे, म्हटलं.

“मग दर्शन?”

“नाही घेतलं.”

“सहा वेळा वर जाऊन?” त्यानं चहाचा ग्लास माझ्या हातातून काढून घेतला नाही, एवढंच.

खंडेनवमीला आईनं विळी-पाट्याबरोबर सायकलही पुजली. मागच्या चक्रांना हळदीकुंकू, हँडलला झेंडूची माळ. चक्रांच्या दातांना दोन हजारांचं वंगण आणि वर कुंकू, साखळी महिनाभर कुरकुरली. सहा दिवसांनी कोजागिरी. त्या रात्री सोलापूरहून तुळजापूरला पायी जाणाऱ्यांनी रस्ता भरून वाहतो, त्यात दरवर्षी आई असते. वय सदुसष्ट, पायात काही नाही, पिशवीत एक पाण्याची बाटली आणि दोन भाकऱ्या. तिचा तक्ता नाही, तिच्या हृदयाचे ठोके कुणी मोजत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी एसटीनं परत आली, पाय धुतले आणि मला म्हणाली, “तुझे गुडघे कसेत रे?” मी बर्फाची पिशवी लावून बसलो होतो.

शर्यतीच्या आधीचा आठवडा टेपरचा. म्हणजे सराव कमी करायचा, खायचं, झोपायचं, पाय ताजे ठेवायचे. हे सगळ्यांत सोपं असेल असं वाटलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला आईनं पांघरूण ओढलं.

“आजारी हायस का?”

“तयारी चालू आहे.”

“झोपून?”

मग मला सुचलं. म्हटलं, देवीसुद्धा नऊ दिवस युद्ध करते आणि दसऱ्यापासून पौर्णिमेपर्यंत पलंगावर निजते की. श्रमनिद्रा. मीही तेच करतोय.

आईनं क्षणभर विचार केला. देवीच्या बाबतीत तिला फसवता येत नाही.

“ती महिषासुर मारून निजती. तू अजून काय मारलायस?”

“मग नवरात्राच्या आधीही निजतेच की.”

“निजती. भाद्रपदात.” ती पांघरुणाची घडी घालू लागली. “तिला घोरनिद्रा म्हणतात. ती मात्र तुझी चालूच हाय, रात्रभर ऐकलीय मी.”