चावी आपल्याच खिशात राहू द्या

तुमच्या बॅप्टिस्ट मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, 'नवीकरण' करायचं, सेवेची कामं साध्या सभासदांवरही सोपवायची असं ठरलंय, हे कानावर आलं. घाबरू नका. मी बावीस वर्षं डीकन मंडळावर, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्यांत आहे. या काळात आमच्या मंडळीचं पाच वेळा नवीकरण झालं आणि देवाच्या कृपेने काहीही बदललेलं नाही. माइकच्या कपाटाची चावी आजही माझ्याच खिशात आहे. हे कसं साधायचं ते नव्या पुढाऱ्यांना कोणी शिकवत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिली गोष्ट, विरोध करू नका. विरोध केलात की लोक ईर्षेने कामाला लागतात. उलट सगळ्यांत मोठ्याने 'आमेन' तुम्हीच म्हणा आणि लगोलग एक समिती नेमा. समितीत उत्साही माणसं आवर्जून घ्या. उत्साह विझवायला महिनाअखेरच्या बैठकीइतकं थंड पाणी दुसरं नाही, आणि बाप्तिस्म्यामुळे आपल्या लोकांना पाण्यात पूर्ण बुडण्याची सवय असतेच.

मग प्रशिक्षण शिबिर. वक्ता बाहेरचा आणावा, कारण तो संध्याकाळी परत जातो. इफिसकरांस पत्राचा चौथा अध्याय निघणार हे धरूनच चाला. अकराव्या वचनापर्यंत काही धोका नाही. प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक, शिक्षक अशी सगळी पदंच पदं आहेत, ऐकायलाही गोड वाटतात. बारावं वचन मात्र घातकी. ही माणसं कशासाठी दिली, तर पवित्र जनांना सेवेच्या कामासाठी सिद्ध करायला, असं ते म्हणतं. म्हणजे सेवा करायची बाकांवरच्यांनी आणि पाळकाने त्यांना फक्त तयार करायचं! १६११ च्या इंग्रजी भाषांतरात 'पवित्र जनांना सिद्ध करणे' आणि 'सेवेचं काम' यांच्या मधोमध एक स्वल्पविराम होता, त्यामुळे दोन्ही कामं पाळकाचीच असा अर्थ बिनघोर लावता यायचा. पुढच्या भाषांतरकारांनी तो उडवला. एवढ्याशा शेपटीवर आपला केवढा डोलारा उभा आहे, याची त्या विद्वानांना कल्पना नसावी. तेव्हा वाचन अकराव्या वचनाशी आलं की उठून उभे राहा आणि सामूहिक फोटोची घोषणा करा. फोटो झाल्यावर कोणाला बारावं वचन आठवत नाही, हा अनुभव आहे.

दुपारच्या सत्रात कृपादानांची, म्हणजे देवाने कोणाला कसली हातोटी दिली आहे याची, प्रश्नावली भरून घ्या. लोकांना स्वतःबद्दलचे प्रश्न आवडतात. निकाल मात्र जपून हाताळा. शिकवण्याचं कृपादान निघालं त्या मुलाला प्रोजेक्टरच्या वायरी गुंडाळायला द्या. पुढारीपणाचं निघालं त्या बाईंना फुलांची सजावट. आदरातिथ्याचं निघालं त्या अबोल गृहस्थांना दारात उभं करू नका, तिथे आपले नेहमीचे दोघे आहेत, जे गेली कित्येक वर्षं नवीन माणसाकडे पाठ करून एकमेकांशी गप्पा मारतात. शेवटी सगळ्यांना प्रमाणपत्र द्या, तेही प्लॅस्टिकचं आवरण घालून. एकदा आवरण चढलं की माणूस ते भिंतीला लावतो आणि शिक्षण पूर्ण झालं असं समजतो.

इतकं करूनही एखादं माणूस न विचारता सेवा करू लागतंच. त्याचा बंदोबस्त हाच खरा कौशल्याचा भाग, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आमच्याकडे एक निवृत्त नर्सबाई आहेत, सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. कोणी आजारी पडलं की ही बाई संध्याकाळी त्याच्या उशाशी. उशी सरळ करायची, गोळ्यांची वेळ कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्यायची, एक स्तोत्र वाचायचं, दोन मिनिटं प्रार्थना करायची आणि निघायचं. कसला गाजावाजा नाही. हे असंच चालू राहिलं असतं तर लोकांनी पाळकांची वाट बघणं सोडलं असतं आणि डीकन मंडळाची तर आठवणही काढली नसती. मी काय केलं? भर उपासनेत त्यांचं कौतुक केलं, टाळ्या वाजवल्या आणि त्यांच्या कामाला 'रुग्णभेट समिती' असं रूप दिलं. अध्यक्ष अर्थातच दुसरं कोणी, ज्यांना इस्पितळाच्या वासानेच मळमळतं असे. मग फॉर्म छापला. भेटीची तारीख, वेळ, रुग्णाचा सभासद क्रमांक, वाचलेलं वचन, रुग्णाचा आत्मिक अभिप्राय. तीन प्रती. भेटीआधी अध्यक्षांची मंजुरी. पहिल्या महिन्यात सिस्टरांनी अकरा फॉर्म भरले. दुसऱ्या महिन्यात चार. तिसऱ्या महिन्यात त्यांनी फॉर्मचं कोरं बाड माझ्या टेबलावर आणून ठेवलं, त्यावर पेन ठेवलं, हसल्या आणि गेल्या. त्या हसण्याचा अर्थ मला तेव्हा नीटसा लागला नाही, पण वार्षिक अहवालात 'रुग्णभेट समिती स्थापन' ही ओळ झोकात आली.

आता तरुण. त्यांना 'उद्याची मंडळी' म्हणत जा. या शब्दाची खुबी अशी की उद्या कधी येत नाही, आणि आज खुर्च्या उचलायला माणसं लागतातच. एकदा एका मुलाने मला विचारलं, काका, या रविवारी शास्त्रवाचन मी करू का? नाही कशाला म्हणायचं? मी हो म्हटलं. फक्त त्याची वेळ आली तेव्हा खिशातून सावकाश चावी काढली, कपाट उघडलं, माइक काढला, फुंकर मारली, 'हॅलो, हॅलो' केलं, उंची माझ्या मापाला लावली, मग त्याच्या मापाला, आणि त्याच्या शेजारी हाताची घडी घालून उभा राहिलो. पोराने स्तोत्राचं वाचन असं उरकलं की जणू मागे कुत्रं लागलंय. पुन्हा त्याने विचारलं नाही. कुणाला दुखवायचं नाही, हे आपलं तत्त्वच आहे.

इतिहास शिकवू नका. फारच हट्ट झाला तर इमारतीचा शिकवा, पायाभरणी कोणी केली, बाक कोणी दिले वगैरे. त्याच्या मागे गेलात की पंचाईत, कारण मागे सगळी बिनपदाची माणसं भेटतात. टॉमस हेल्विस धर्मगुरू नव्हता, कायदा शिकलेला गृहस्थ. १६०९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला जॉन स्मिथबरोबर पहिली बॅप्टिस्ट मंडळी उभी राहिली त्यात हा होता. १६१२ च्या सुमारास परत येऊन त्याने लंडनच्या वेशीवर स्पिटलफील्ड्सला मंडळी काढली, आणि राजा जेम्सला स्वहस्ते लिहून कळवलं की राजा मर्त्य माणूस आहे, देव नव्हे, प्रजेच्या अमर आत्म्यांवर त्याची सत्ता नाही. त्याबद्दल न्यूगेटचा तुरुंग मिळाला. विचार करा, राजाला जो असं लिहितो तो डीकन मंडळाच्या सचिवाला काय लिहील! बेडफर्डचा जॉन बन्यन भांडी सांधणारा. परवाना नसताना उपदेश करायचा थांबेना म्हणून बारा वर्षं कैदेत. परवाना विचारण्याची पद्धत आपण टिकवली आहे, कैदेची सोय तेवढी राहिली नाही.

आणि विल्यम केरी! जोडे शिवून पोट भरणारा पाळक. १७९२ मध्ये केटरिंगच्या एका घरात मूठभर लोकांनी मिशनरी संस्था काढली, वर्गणीचे आकडे पडले १३ पौंड, २ शिलिंग, ६ पेन्स. आमची समिती तिथे असती तर आधी पंचवार्षिक अंदाजपत्रक मागितलं असतं आणि केरी घरीच राहिला असता. तसं झालं नाही. तो बंगालात सेरामपूरला गेला आणि १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण, १८१० मध्ये मराठीचा कोश छापून मोकळा झाला. ज्या भाषेत आपण दर सभेत 'वेळेअभावी' म्हणतो, तिचा व्याकरणकार एक जोडे शिवणारा निघावा, हे काही बरं नाही.

हॅम्बुर्गच्या योहान ओंकेनने तर प्रत्येक बॅप्टिस्ट हा मिशनरीच, असं ब्रीदवाक्य करून ठेवलं. १८७८ च्या जुलैत आंध्रातल्या ओंगोलजवळ एका दिवसात २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा पाण्यात उतरायला सहा तेलुगू उपदेशक होते, एका वेळी दोघे, ते दमले की पुढचे दोघे. गोऱ्या मिशनरीने हट्टाने सगळं एकट्यानेच केलं असतं तर ती रांग अजून संपली नसती, पण शिस्त तरी राहिली असती.

सगळ्यांत धोक्याची गोष्ट स्पर्जनची. जानेवारी १८५०, कोल्चेस्टर, बाहेर बर्फ. पंधरा वर्षांचा हा मुलगा बर्फामुळे पुढे जाता येईना म्हणून एका छोट्या चॅपेलात शिरला, तेही मेथडिस्टांच्या. बर्फामुळे उपदेशक पोचलाच नव्हता, म्हणून एक साधा, फारसं न शिकलेला माणूस उभा राहिला. त्याला बोलायला फार काही नव्हतं, तो यशयाचं एकच वचन घोळवत राहिला. त्यात त्या मुलाचं तारण झालं आणि पुढे लंडनमध्ये हजारोंना उपदेश करणारा बॅप्टिस्ट पाळक तयार झाला. धडा घ्या. पाळक येऊ शकत नसतील तर उपासना सरळ रद्द करा. भलत्याच माणसाला उभं केलं तर कोणाचं काय होऊन बसेल सांगता येत नाही.

पवित्र शास्त्रातसुद्धा असल्या जागा आहेत. निर्गमच्या अठराव्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करत बसलेला असतो. किती छान चाललं होतं! मध्येच सासरा इथ्रो येऊन सांगतो, दहा-दहांवर, पन्नास-पन्नासांवर माणसं नेम. आणि जावयाने ऐकलं! सासऱ्याचं ऐकणारा जावई हा चमत्कार तांबड्या समुद्रापेक्षा लहान नव्हे. प्रेषितांच्या कृत्यांत सहाव्या अध्यायात सात जण विधवांच्या पंगतीची व्यवस्था बघायला निवडले. व्यवस्थाच बघायची ना? तर स्तेफन पुढच्याच अध्यायात न्यायसभेपुढे लांबलचक भाषण करतो आणि फिलिप्प आठव्यात शोमरोनात सुवार्ता सांगत सुटतो. वाढप्यांना मोकळं सोडलं की असं होतं.

वार्षिक सभेची भीती बाळगू नका. आपल्या परंपरेत वर बिशप नाही, मंडळी स्वायत्त, प्रत्येक सभासदाला एक मत. ऐकायला भयंकर वाटतं, पण विषयपत्रिका लिहिणारा हात आपला असला की पुरे. इतिवृत्त अक्षरशः वाचा. मग पडद्यांचा रंग चर्चेला घ्या. पडद्यांवर मत नाही असा ख्रिस्ती मनुष्य मी पाहिलेला नाही, पाऊण तास सहज जातो. नवीकरणाचा विषय शेवटून दुसरा ठेवा. शेवटचा विषय आभारप्रदर्शन असतो, आणि तोपर्यंत निम्म्या लोकांनी पिशव्या उचललेल्या असतात.

हे सगळं तुम्ही एकट्याच्या बळावर करता, असा गैरसमज मात्र करून घेऊ नका. मंडळीची तुम्हाला मनापासून साथ असते. 'सर्व विश्वासणाऱ्यांचं याजकपण' ही पाटी भिंतीवर सगळ्यांना हवी असते, आणि त्या पाटीखाली बसून पाळकांच्या संदेशाला गुण देण्याची सोयही हवी असते. पाळक बिचारे इस्पितळात, विवाहात, अंत्यविधीत, गळक्या छताखाली, सगळीकडे हजर. एकदा आमच्या पाळकसाहेबांनी चार जणांना घरोघरी प्रार्थना चालवायला शिकवलं आणि मग त्यांनाच पाठवू लागले. आठ दिवसांत कुजबुज सुरू झाली, मग हे पगार कशाचा घेतात? ती कुजबुज मी सुरू केली नव्हती. मी फक्त ती इतिवृत्तात घेतली. पाळकसाहेब आता पुन्हा एकटेच फिरतात. परवा प्रार्थना करता करता क्षणभर त्यांचा डोळा लागला, लोकांना वाटलं आत्म्यात गेले.

एक अडचण मात्र तुम्हाला प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मागच्या महिन्यात मला ताप आला. शनिवारी रात्री चढला तो रविवारी दुपारपर्यंत उतरला नाही. पाळकसाहेब बाहेरगावी अंत्यविधीला गेलेले. चाव्या, म्हणजे कपाटाची आणि मोठ्या दाराचीही, माझ्या पँटच्या खिशात, पँट खुंटीवर. मला वाटलं आता कोणीतरी धावत येईल. दहा वाजले, साडेदहा झाले. कोणी आलं नाही. नंतर कळलं, लोक पायऱ्यांवरच बसले. त्या वाचनवाल्या मुलाने माइकशिवाय स्तोत्र वाचलं, आणि म्हणे रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. आदरातिथ्यवाल्या त्या अबोल गृहस्थांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांना सरकून जागा करून दिली, त्यात दोन माणसं अशी बसली जी पुढच्या रविवारीही आली. प्रार्थना कोणी केली हे नक्की सांगता येत नाही, कारण बऱ्याच जणांनी केली.

या प्रकाराची चौकशी करायला मी समिती नेमली आहे. अध्यक्ष मीच.

त्या संध्याकाळी सिस्टर घरी आल्या. उशी सरळ केली, गोळ्यांची वेळ मोठ्या अक्षरात लिहिली, तेविसावं स्तोत्र वाचलं, कपाळावर हात ठेवून दोन मिनिटं प्रार्थना केली. मला तेवढ्यात झोप लागली, कितीतरी दिवसांनी शांत. जागा झालो तेव्हा त्या गेलेल्या होत्या. भेटीचा फॉर्म त्यांनी भरलेला नाही, मंजुरीही घेतलेली नाही. मी ते नोंदवून ठेवलं आहे.