पाठीवर बाटलीबॉम्ब बांधायचा सल्ला

‘तासाभरात घरच्या घरी सायन्स फिक्शनवाली बॅकपॅक’ हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. म्हणजे वेशभूषेसाठी पाठीवर घ्यायची, धूर सोडणारी, दिवे लुकलुकणारी नकली यंत्राची बॅग. मी दुर्लक्ष केलं असतं. पण तो माझ्या भाचीपर्यंत पोचला आणि तिने मला सामानाची यादीच पाठवली: ड्राय आइस, घट्ट झाकणाची बाटली, नळी. आता गप्प बसवत नाही.

मेसेज म्हणतो, बाटलीत ड्राय आइस आणि कोमट पाणी घाला, झाकण आवळा, झाकणातून नळी खांद्यावर काढा; धूर येतो. येतो ना! ड्राय आइस म्हणजे उणे 78.5 अंशांचा घन कार्बन डायऑक्साइड. तो वितळत नाही, थेट वायू होतो आणि एका किलोतून 500 लिटरहून जास्त वायू निघतो. नळी जरा दुमडली किंवा तिच्या तोंडाशी बर्फ धरला की वायूला वाट उरत नाही आणि बाटली फुटते. ही बाटली ठेवायची कुठे, तर पोरीच्या मानेखाली, मणक्याला टेकवून. लिहिणाऱ्याला हात जोडले!

‘मग झाकण सैल ठेवू,’ असं कुणीतरी म्हणणारच. अमेरिकेतली निऑश ही कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणारी सरकारी संस्था हवेतला 4 टक्के कार्बन डायऑक्साइड जिवाला तत्काळ धोका मानते. आता कार्यक्रमाला जाताना ही बॅग गाडीत ठेवलीय असं धरा. आत हवा साधारण 3,000 लिटर. अर्ध्या किलो ड्राय आइसमधून अडीचशे लिटरहून जास्त वायू होतो. काचा बंद आणि सगळा वायू आतच राहिला, तर प्रमाण 8 टक्क्यांच्या आसपास जातं. दिसतो तो धूर म्हणजे पाण्याचे बारीक थेंब. खरा वायू डोळ्यांना दिसतच नाही. म्हणून धूर विरला की धोका टळला, असं नसतं. धूर नसला तर काही अडत नाही. नळीच्या तोंडाशी पिंजलेला पॉलिस्टर भरा, मागे लुकलुकता एलईडी लावा, लांबून कुणाला फरक कळत नाही.

दिव्यांसाठी मेसेज म्हणतो, ‘लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतले सेल काढून थेट जोडा.’ बंद पडलेल्या बॅटरीतही काही सेल चांगले निघतात, एवढं खरं आहे, मान्य. पण संरक्षक सर्किटशिवायचा लिथियम सेल, घासली जाणारी वायर आणि आजूबाजूला फोम? सरळ पॉवर बँक वापरा. एक खोच आहे: मोजके एलईडी इतका कमी करंट घेतात की काही पॉवर बँका आपोआप बंद होतात. आधी तासभर लावून बघा.

बॅगेचा सांगाडा थर्माकोलचा करा, तो हलका असतो, असंही मेसेजमध्ये आहे. हलका असतो, हे खरं. पण त्यावर थेट स्प्रे पेंट मारा आणि गंमत बघा: पृष्ठभाग खचतो, खड्डे पडतात, कडा विरघळतात. आधी पाण्यातल्या अ‍ॅक्रेलिकचे दोन हात द्या, नाहीतर ईव्हीए फोम (रबरासारखा लवचिक फोमचा पत्रा) घ्या. पीव्हीसी पाइप गॅसवर धरून वाकवायचा सल्ला तर वाचूच नका. तो जळला की हायड्रोजन क्लोराइड सुटतो.

आणि पट्टे ग्लू गनने चिकटवायचे म्हणे! सगळं वजन त्या पट्ट्यांवरच येतं. मागे प्लायवूडची किंवा जाड प्लास्टिकची पाटी घ्या, जुन्या बॅगेचे पट्टे तिला वॉशर लावून नट-बोल्टने कसा आणि बोल्टची टोकं पाठीला टोचणार नाहीत अशी झाका. रंग देण्याआधी एकदा पाठीवर चढवून दारातून आडवं न होता बाहेर पडता येतं का, तेवढं बघा.