चढलेलं पाणी ऑक्सिजन मोजत नाही

बशीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वरून उपडा ग्लास. ज्योत विझते, पाणी वर चढतं आणि निवेदक सांगतो, "ऑक्सिजन जळून संपला, त्याची जागा पाण्याने घेतली. पाणी एक पंचमांश चढलं, म्हणजे हवेत 21 टक्के ऑक्सिजन असतो हे सिद्ध झालं." विज्ञान शिकवत असल्यामुळे हा व्हिडिओ मला सारखा येतो. प्रयोग सुंदर आहे, स्पष्टीकरण मात्र चुकीचं आहे.

"ऑक्सिजन जळाला." जळते ती मेणाची वाफ. ऑक्सिजन ज्वलनाला मदत करतो, स्वतः जळत नाही.

"संपला." तोही नाही. बंद भांड्यात ऑक्सिजनचं प्रमाण साधारण 16 टक्क्यांवर आलं की मेणबत्ती विझते. बराचसा ऑक्सिजन ग्लासातच उरलेला असतो.

"त्याची जागा पाण्याने घेतली." मेण जळताना ऑक्सिजनच्या दर तीन रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे साधारण दोन रेणू तयार होतात. हा वायू पाण्यात विरघळतो खरा, पण इतक्या झटपट नाही. सोबत तयार होणारी पाण्याची वाफ काचेवर धरते. म्हणजे शंभरातले पाच भाग ऑक्सिजन वापरला गेला, तरी घट होते ती जेमतेम दोन भागांची. मग पाणी एवढं चढतं कशाने?

व्हिडिओ पुन्हा लावा आणि या वेळी ग्लासाच्या काठाकडे बघा. ज्योतीच्या उष्णतेने हवा फुगलेली असते, काठाखालून बुडबुडे निसटतात. पाणी झपकन चढतं ते मुख्यतः ज्योत मंदावल्यावर आणि विझल्यावर. ऑक्सिजन खर्च झाल्याने चढलं असतं, तर ज्योत तेवत असतानाच संथपणे चढायला हवं होतं. आतली हवा गार होते, तिचा दाब घटतो आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते.

राहिला "एक पंचमांश". माझ्या वर्गातल्या एका मुलीने त्याच ग्लासाखाली तीन मेणबत्त्या लावल्या. पाणी आणखी वर गेलं. "सर, ऑक्सिजन वाढला का?" हा तिचा प्रश्न त्या आकड्याला पुरेसा आहे.

एक पंचमांश खरोखर दाखवायचाच असेल, तर ज्योत नकोच. साध्या लोखंडाचा बारीक कीस ओला करून परीक्षानळीच्या तळाशी घट्ट बसवा, नळी पाण्यात उपडी उभी करा आणि काही दिवस तशीच राहू द्या. गंजताना ऑक्सिजन लोखंडात बांधला जातो आणि त्याच्या बदल्यात दुसरा वायू तयार होत नाही. पाणी चढायचं थांबलं की पट्टी लावा.