वेटिंग लिस्टमध्ये न दिसणारी माणसं

मंगळवारी सकाळी गोव्यातल्या थिवीला कोकण रेल्वेच्या मडगावकडे जाणाऱ्या गाडीत चढले. चढले म्हणजे मागच्या रेट्याने आत गेले. दारापाशी कुडाळहून आलेले एक आजोबा उभे होते. एका हाताने दांडी धरलेली, दुसऱ्या हातात एक्स-रेचं मोठं पाकीट, दुमडू नये म्हणून डोक्याच्या वर. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, दाखवायचं होतं. आम्ही थिवीकर चढलो तसे ते आत आत ढकलले गेले, आणि करमळी आली तेव्हा त्यांना दारापर्यंत येता येईना. "उतरणारे आहेत हो, वाट द्या," म्हणून सगळेच ओरडलो. आधी पाकीट हातोहात बाहेर गेलं, मग पिशवी, मग आजोबा. फलाटावर पाय टेकल्याबरोबर त्यांनी पाकीट उघडून फिल्म वाकली नाही ना ते बघितलं.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. मुंबईच्या गाड्यांना किती गर्दी आहे हे सगळ्यांना कळतं, कारण तिथे वेटिंग लिस्ट असते. आकडा फुगला की बातमी होते, स्पेशल सुटतात. आमची कुठे यादीच नाही. साध्या तिकिटावर कुठून कुठे एवढंच असतं, कोणत्या गाडीने गेलो ते नसतं. पासवाल्यांची नोंद तर महिन्यातून एकदा. सावंतवाडी ते मडगाव रोज किती माणसं उभ्याने जातात, कोणत्या गाडीला, कोणत्या डब्यात, हे डब्यात चढून मोजल्याशिवाय कळणारच नाही.

आणि ही गर्दी हौसेची नाही. सिंधुदुर्गातली पोरं नोकरीला गोव्यात येतात, पेशंट बांबोळीला येतात. थिवीहून मडगावला बसने जायचं तर म्हापसा, पणजी अशा गाड्या बदलत जा. पावसात तर नकोच.

"मार्ग एकेरी आहे, नवी गाडी कुठून घालणार?" हे उत्तर मला पाठ झालंय, आणि ते खोटं नाही. रोहा ते वीर हा तुकडा 2021 मध्ये दुहेरी झाला, तिथून खाली आमच्यापर्यंत एकच रूळ. समोरून एक्सप्रेस आली की पॅसेंजर क्रॉसिंगला थांबणार. पावसाळी वेळापत्रकात वेग आणखी कमी. 2024 च्या जुलैत पेडण्याच्या बोगद्यात पाणी आलं तेव्हा तिथली वाहतूक ठप्प झाली होती.

पण डबे वाढवायला नवा रूळ लागत नाही! आहे त्याच गाडीला दोन जनरल डबे जोडा, तिची वेळ तीच राहते. फलाटाची लांबी, डब्यांची उपलब्धता या अडचणी असतील, तर कोणत्या स्टेशनवर काय अडतंय ते तरी सांगा. 2022 पासून सगळा मार्ग विजेवर आहे. गणपतीत चिपळूणपर्यंत विनाआरक्षण मेमू, म्हणजे लोकलसारख्या विजेच्या गाड्या, सोडल्या गेल्यात. रुंद दारं, उभं राहायला जागा, थांबून पटकन वेग घेणारी गाडी. आमच्या रोजच्या धावपळीला हीच गाडी हवी. सावंतवाडी-मडगाव सकाळ-संध्याकाळ एक मेमू, निदान सहा महिने चालवून बघा.

चवथीचंही तेच. 2026 ची चतुर्थी 14 सप्टेंबरला, हे पंचांगात कधीपासून छापलेलं आहे. आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी सुरू होतं. मग स्पेशल गाड्याही त्याच दिवशी जाहीर करा ना. आधी माणसं वेटिंगचं तिकीट काढून बसतात, नंतर स्पेशल येते, तोवर निम्म्यांनी ट्रॅव्हल्सला पैसे भरलेले असतात.

कोकण रेल्वे महामंडळात गोव्याचाही वाटा आहे. केंद्र, महाराष्ट्र, कर्नाटक यांच्यापुढे लहान, पण वाटा आहे. आमच्या आमदारांनी त्या वाट्याच्या जोरावर फक्त मोजणी मागावी, एक आठवडाभर, कुडाळपासून मडगावपर्यंत.

तोवर मी सोमवारपासून थिवीला वही घेऊन उभी राहणार आहे. गाडीची वेळ, जनरल डबे किती, चढले किती, राहिले किती. पेडणे, करमळी, वेर्णा, माजोर्ड्याहून रोज जाणाऱ्यांनी आपापल्या स्टेशनचं लिहून ठेवा. शनिवारी सगळं एकत्र करूया.